डायमंड क्रॉसिंग (रेल्वे)

डायमंड क्रॉसिंग म्हणजे दोन लोहमार्ग एकाच पातळीवर एकमेकांना छेदून जातात ती जागा. येथे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळत नाही. दोन्ही मार्ग सरळ पार होतात. चार रूळ एकमेकांना छेदल्यामुळे मधोमध समभुज चौकोनाची, म्हणजे पत्त्यांतील चौकटची आकृती तयार होते. तिच्यावरूनच हे नाव पडले. रस्ता व लोहमार्ग यांच्या छेदाला मराठीत फाटक म्हणतात. त्याच्याशी या रचनेचा संबंध नाही. फाटकावर थांबणे हे वाहनाचे काम असते आणि रेल्वेचा अग्रहक्क निर्विवाद असतो. डायमंड क्रॉसिंगवर मात्र दोन्ही बाजूंनी गाड्याच येतात, दोघींनाही थांबायला बरेच अंतर लागते, आणि आधी कोणी जायचे हे रुळांच्या रचनेतून ठरत नाही. ते सिग्नल ठरवतात. त्यामुळे या छेदांचा इतिहास हा मोठ्या अंशी सिग्नल यंत्रणेचाच इतिहास आहे. हे छेद जिथे उखडले गेले, तिथेही बहुधा सिग्नलशी निगडित वस्तूच अवशेषरूपाने उरल्या आहेत.

रचना

रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने कड असते. दोन रूळ जिथे छेदतात तिथे ही कड पार जावी म्हणून रुळात फट ठेवावी लागते. एका साध्या डायमंड क्रॉसिंगमध्ये अशा चार जागा असतात: दोन लघुकोनाच्या, दोन विशालकोनाच्या. चाक फटीवरून जाताना समोरच्या पोलादी टोकावर आदळते. लांबूनही ऐकू येणारा ठोक्यांचा आवाज याच आघातांचा असतो. सततच्या माऱ्याने टोके झिजतात, खालची खडी दबते आणि पातळी बिघडते. म्हणून हे भाग मँगनीजयुक्त कठीण पोलादाचे ओततात, आणि त्यांच्यावरून जाताना गाड्यांना वेगमर्यादा घालतात.

छेदाचा कोन काटकोनाच्या जवळ असेल तर आघात तीव्र होतो. कोन फार निमुळता असेल तर वेगळी अडचण येते: विशालकोनाच्या फटीत चाकाला काही अंतर कोणताच आधार वा मार्गदर्शन नसते आणि ते चुकीच्या बाजूला जाण्याचा संभव वाढतो. अशा ठिकाणी सांध्यांप्रमाणे हलणारी टोके बसवतात. अमेरिकेत अलीकडे आणखी एक उपाय रूढ झाला आहे. मुख्य मार्गाचे रूळ अखंड ठेवायचे, आणि कमी वापराच्या मार्गावरील चाके आपल्या कडांवर उचलली जाऊन अतिशय मंद गतीने मुख्य रूळ ओलांडतील अशी रचना करायची. यामुळे मुख्य मार्गावरील गाडीला वेग कमी करावा लागत नाही आणि ठोकेही बसत नाहीत.

हक्काचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लोहमार्ग खाजगी कंपन्यांनी परस्परांशी स्पर्धा करत टाकले. एका कंपनीचा मार्ग दुसरीच्या आड येई तेव्हा उंचावरून पूल बांधणे खर्चाचे असे, म्हणून समतल छेद हाच स्वस्त पर्याय ठरे. सर्वसाधारण प्रघात असा होता, की जी कंपनी नंतर आली तिने छेद बसवण्याचा, राखण्याचा आणि तेथील पहाऱ्याचा खर्च सोसावा. आधी आलेल्या कंपनीला मात्र छेद होऊ देण्यात काहीच लाभ नसे. यातून उद्भवलेल्या झगड्यांना तिकडे ‘फ्रॉग वॉर’ म्हणत. छेदाच्या पोलादी भागाला इंग्रजीत फ्रॉग म्हणतात, त्यावरून हे नाव आले. बेडकाशी त्याचा संबंध नाही.

शिकागोच्या दक्षिणेकडील ग्रँड क्रॉसिंग हे यांतील सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण. इलिनॉय सेंट्रल कंपनीचे मुख्य अभियंता रॉझवेल मेसन यांनी १८५२ मध्ये मिशिगन सदर्न कंपनीच्या मार्गावरून तिच्या संमतीवाचून छेद टाकवला. त्यासाठी प्रतिस्पर्धी कंपनीच्या पहारेकऱ्याला रात्री पळवून नेल्याची कथा सांगितली जाते. छेद झाला, मात्र तेथे आधी कोणी थांबायचे याविषयी दोन्ही बाजूंत समझोता झाला नाही. २५ एप्रिल १८५३ च्या रात्री मिशिगन सेंट्रल आणि मिशिगन सदर्न या कंपन्यांच्या दोन गाड्या या छेदावर एकमेकींवर आदळल्या. १८ प्रवासी मृत्युमुखी पडले आणि सुमारे ४० जखमी झाले. जिथे मैलोगणती सपाट माळरान होते आणि येणारी गाडी दुरून दिसू शकत होती, अशा जागी हा अपघात व्हावा हे तत्कालीन जनतेला विशेष संतापजनक वाटले. त्यानंतर प्रत्येक गाडीने छेदापूर्वी पूर्ण थांबण्याचा नियम आला. गाड्या थांबू लागल्या म्हणून त्या ओसाड जागी वस्ती वाढली, आणि छेदाचेच नाव त्या वस्तीला मिळाले. मार्ग वेगवेगळ्या पातळ्यांवर नेण्याचे काम मात्र १९१२ पर्यंत रखडले.

कॅलिफोर्नियातील कोल्टन येथे १८८३ मध्ये असाच तंटा झाला. सॅन दिएगोहून येणाऱ्या कॅलिफोर्निया सदर्न कंपनीला सदर्न पॅसिफिकचा मार्ग ओलांडायचा होता. सदर्न पॅसिफिकने नियोजित छेदाच्या जागी एक इंजिन व डबा आणून उभा केला आणि पहाऱ्यासाठी व्हर्जिल अर्प यांना नेमले. दोन वर्षांपूर्वी टूमस्टोन येथील गोळीबारामुळे प्रसिद्धीस आलेले हे तेच अर्प. अखेर सप्टेंबर १८८३ मध्ये छेद बसवला गेला आणि सदर्न पॅसिफिकची दक्षिण कॅलिफोर्नियातील मक्तेदारी संपुष्टात आली.

चेंडूपासून इंटरलॉकिंगपर्यंत

‘प्रत्येकाने थांबावे’ हा नियम सुरक्षित होता, पण महाग होता. जड मालगाडी थांबवून पुन्हा वेगात आणायला कोळसा, पाणी आणि वेळ खर्च होई. म्हणून छेदांवर माणूस नेमून खुणा दाखवण्याची पद्धत आली. सुरुवातीच्या अमेरिकी खुणांपैकी एक म्हणजे चेंडू सिग्नल: उंच खांबाला दोरीने रंगीत गोळे टांगलेले असत आणि ते वर चढवले की संबंधित मार्गाच्या गाडीला जाण्याची मुभा मिळे. रेल्वेच्या बोलीत ‘हायबॉल’ हा शब्द ‘निर्धास्त पुढे चला’ या अर्थाने रूढ झाला तो यावरून.

या पद्धतीत दोन्ही मार्गांना एकाच वेळी मोकळीक न देणे ही जबाबदारी माणसाच्या लक्षावर होती. तो थकला, गोंधळला किंवा डुलकी लागली, तर त्याला अडवणारे काही नव्हते. ही उणीव इंटरलॉकिंगने दूर केली. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये या कल्पनेचे एकस्व घेतले. केबिनमध्ये ओळीने उभ्या असलेल्या लोखंडी दांड्यांच्या खाली खाचा असलेल्या पट्ट्यांची जाळी बसवलेली असते. एक दांडा ओढला, की पट्ट्या सरकून विरोधी दांड्यांना कुलूप लागते. पूर्वेकडील गाडीसाठी सिग्नल खाली पाडला असेल, तर उत्तरेकडील गाडीचा सिग्नल पाडता येणे शारीरिकदृष्ट्याच अशक्य होते. कितीही जोर लावला तरी दांडा हलत नाही. ब्रिटनमध्ये आर्मा येथील भीषण अपघातानंतर १८८९ च्या कायद्याने प्रवासी मार्गांवर इंटरलॉकिंग सक्तीचे केले. अमेरिकेत त्याचा प्रसार १८७० च्या दशकापासून झाला. इंटरलॉकिंग असलेल्या छेदावर विनाथांबा जाण्याची परवानगी मिळत असल्याने कंपन्यांनी ते स्वहितासाठीही स्वीकारले.

छेदावर वळण्याचे सांधे नसले तरी केबिनला सिग्नलखेरीज एक काम असे. दुय्यम मार्गावर छेदाच्या अलीकडे रूळउतार यंत्र बसवलेले असे. सिग्नल लाल असताना गाडी पुढे आलीच, तर तिला मुद्दाम रुळाखाली उतरवून ते छेदापूर्वी थांबवी. उपाय क्रूर दिसतो, पण दुसऱ्या गाडीच्या बाजूवर आदळण्यापेक्षा तो सौम्यच असतो.

विजेचा प्रवेश

१८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी बंद ट्रॅक सर्किटचे एकस्व घेतले. रुळांच्या एका तुकड्यातून अगदी कमी दाबाचा विद्युतप्रवाह सोडतात; दुसऱ्या टोकाला तो एका रिलेला उचलून धरतो. गाडी आली की तिच्या आसांतून प्रवाह दोन रुळांत मिटतो, रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली, बॅटरी उतरली किंवा रूळ मोडला तरी परिणाम तोच. बिघाडाने धोक्याचीच खूण मिळावी हे तत्त्व सिग्नलशास्त्राचा पाया मानले जाते.

डायमंड क्रॉसिंगवर या साध्या कल्पनेला अडथळे येतात. येथे दोन्ही मार्गांचे पोलाद एकमेकांना चिकटलेले असते, त्यामुळे प्रवाह एकातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून निरोधक सांधे घालावे लागतात. तरीही मध्ये एक छोटा भाग असा उरतो, की तिथे उभे असलेले चाक सर्किटला दिसत नाही. एखादे लहान वाहन पूर्णपणे याच भागात थांबले तर छेद रिकामा आहे असे यंत्रणेला वाटेल. म्हणून हा मृतभाग शक्य तितका आखूड ठेवतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या नोंदींची सांगड घालतात. आसमोजणी यंत्रांमुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे.

दुसरी सुधारणा म्हणजे वेळकुलूप. एका गाडीला हिरवा सिग्नल दिला, ती जवळ आली, आणि केबिनमनने विचार बदलून तो लाल केला, तर ती थांबू शकेलच असे नाही. अशा वेळी दुसऱ्या मार्गाला लगेच मोकळीक मिळू नये म्हणून ठरावीक मिनिटे सर्व सिग्नल लाल ठेवून यंत्रणा अडून राहते.

यानंतर माणूस छेदापासून दूर जाऊ लागला. विरळ वाहतुकीच्या ठिकाणी स्वयंचलित इंटरलॉकिंग आले; त्यात जी गाडी आधी पोहोचते तिला आपोआप वाट मिळते. २५ जुलै १९२७ रोजी ओहायो राज्यात स्टॅन्ली ते बर्विक या भागात केंद्रीय वाहतूक नियंत्रण सुरू झाले. एका टेबलाशी बसलेला नियंत्रक अनेक मैलांवरचे सांधे व सिग्नल हलवू लागला. पुढील अर्धशतकात अमेरिकेतील बहुसंख्य छेदांवरच्या केबिना निकामी ठरल्या.

नूतनीकरणातील जोखीम

जुनी यंत्रणा सुरक्षित असते आणि नवी त्याहून सुरक्षित असते. परंतु एकीवरून दुसरीवर जाण्याचा काळ तसा असेलच असे नाही. भारतातील प्रवाशांना ‘नॉन-इंटरलॉकिंगच्या कामामुळे’ गाड्या रद्द झाल्याच्या घोषणा परिचित आहेत. त्यांचा अर्थ असा, की कुलुपांची परस्परसंबद्ध व्यवस्था काही काळ सोडवून ठेवलेली असते आणि त्या अवधीत गाड्या माणसांच्या लेखी परवानगीने, मंद गतीने चालवल्या जातात. मुंबईकरांना रविवारी सोसावा लागणारा मेगाब्लॉकही अनेकदा रुळांबरोबरच अशा सिग्नल कामांसाठी असतो. ही गैरसोय अनाठायी नाही, हे पुढील दोन घटनांवरून दिसते. या दोन्ही घटना डायमंड क्रॉसिंगवरील नाहीत, पण सिग्नलच्या तारा बदलण्याशी त्यांचा थेट संबंध आहे.

१२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शनजवळ एक गाडी पुढच्या गाडीवर आदळून ३५ जण ठार झाले. त्या भागात सिग्नल नूतनीकरणाचे काम चालू होते. जुनी तार एका टोकाला जोडलेली व दुसऱ्या टोकाला मोकळी अशी राहून गेली होती. ती पुन्हा जुन्या जागी टेकली आणि तिने रिलेला चुकीचा प्रवाह दिला. पुढे गाडी उभी असतानाही सिग्नल लाल झाला नाही. चौकशीत असे आढळले, की संबंधित तंत्रज्ञाला आधीच्या तेरा आठवड्यांत केवळ एक दिवस सुटी मिळाली होती आणि त्याचे काम कोणी स्वतंत्रपणे तपासले नव्हते. कामाचे तास आणि तारांची तपासणी याविषयीचे ब्रिटिश नियम त्यानंतर कडक झाले.

२ जून २०२३ रोजी ओडिशातील बाहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल असताना सांधे मात्र लूप मार्गाकडे वळलेले होते. तेथे उभ्या मालगाडीवर ती आदळली आणि २९० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोन त्रुटी नोंदल्या गेल्या: पूर्वी सर्किटमध्ये केलेल्या बदलातील चूक, आणि फाटक क्रमांक ९४ चा विजेवर चालणारा अडसर बदलताना सिग्नलच्या कामात झालेली चूक.

चालकाची चूक आणि स्वयंचलित ब्रेक

इंटरलॉकिंग केबिनमनला चुकू देत नाही, पण चालकाला लाल सिग्नल ओलांडण्यापासून ते रोखू शकत नाही. २५ मे २०१३ च्या पहाटे मिझूरी राज्यातील चॅफीजवळ, रॉकव्ह्यू येथील डायमंड क्रॉसिंगवर हेच घडले. युनियन पॅसिफिकची मालगाडी लाल सिग्नल ओलांडून छेदावरून जाणाऱ्या बीएनएसएफच्या मालगाडीच्या बाजूवर आदळली. घसरलेले डबे वरच्या महामार्ग पुलाच्या खांबांवर आपटले आणि पुलाचा काही भाग कोसळला. गाडीवरील कर्मचारी व पुलावरील वाहनांतील माणसे जखमी झाली, जीवितहानी टळली. तपासात चालक पथकाचा थकवा हे संभाव्य कारण ठरले. छेदावरील सिग्नल यंत्रणेत दोष नव्हता.

अशा अपघातांवर उपाय म्हणून अमेरिकेत ‘पॉझिटिव्ह ट्रेन कंट्रोल’ ही यंत्रणा आली. २००८ मध्ये चॅट्सवर्थ येथील धडकेत २५ जण ठार झाल्यावर संसदेने ती सक्तीची केली. २०१५ ची मुदत वाढत जाऊन डिसेंबर २०२० मध्ये सुमारे ५७,५०० मैल मार्गावर तिची अंमलबजावणी पूर्ण झाली. इंजिनातील संगणकाला गाडीचे स्थान, वेग आणि पुढील सिग्नलची स्थिती ठाऊक असते; चालकाने वेळेत ब्रेक लावला नाही तर तो संगणक लावतो. लोहमार्गांच्या समतल छेदांसाठी या नियमांत स्वतंत्र तरतुदी आहेत. भारतात याच हेतूने विकसित केलेल्या ‘कवच’ यंत्रणेला २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून मान्यता मिळाली.

छेद मोडून काढणे

सिग्नल कितीही सुधारले तरी समतल छेदावर एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. वाहतूक वाढली की रांगा लागतात. इंग्लंडमधील रेटफर्ड येथे १९६५ मध्ये आडवा मार्ग मुख्य मार्गाखालून नेण्यात आला. त्याच मुख्य मार्गावरील न्यूअर्क येथील छेद मात्र कायम आहे, आणि ताशी २०० किलोमीटरने धावणाऱ्या गाड्यांना तिथे १६० पर्यंत यावे लागते. शिकागोतील एंगलवूड येथे उपनगरी गाड्या आणि लांब पल्ल्याच्या व मालवाहू गाड्या यांचा समतल छेद होता; २०१४ मध्ये उपनगरी मार्ग पुलावरून नेण्यात आला. कोल्टन येथे, जिथे १८८३ मध्ये इंजिन आडवे घालून वाट अडवली होती, तिथे युनियन पॅसिफिकचा मार्ग २०१३ मध्ये सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीच्या उड्डाणपुलावर चढवला गेला. या कामाला सुमारे ९.३ कोटी डॉलर खर्च आला.

नागपूर

भारतात ‘डायमंड क्रॉसिंग’ हा शब्द सर्वसामान्यांच्या तोंडी आहे तो नागपूरमुळे. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन प्रमुख मार्ग या शहरात एकत्र येतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये मुंबईकडून नागपूरला पोहोचली. पूर्वेकडील छत्तीसगडचा मार्ग पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बेंगॉल नागपूर रेल्वेकडे आला. उत्तरेकडील इटारसीचा मार्ग १९२० च्या दशकात झाला, आणि १९२९ मध्ये काझीपेठ–बल्लारशा दुवा पूर्ण होऊन दिल्ली–मद्रास सलग वाट खुली झाली. शहरातील प्रसिद्ध छेद हा या टप्प्याटप्प्याने आलेल्या मार्गांचा परिणाम आहे.

स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत व समाजमाध्यमांवर हा ‘देशातील एकमेव डायमंड क्रॉसिंग’ असल्याचे छापले जाते. हे विधान जसेच्या तसे घेऊ नये. रूळ समतलावर छेदण्याची रचना मोठ्या यार्डांत सर्रास आढळते. सांध्यांसह असलेल्या तिच्या प्रकाराला ‘डबल स्लिप’ म्हणतात. नागपूरचे वेगळेपण दोन राष्ट्रीय मार्गांच्या भेटीत आहे.

अवशेष

छेद उखडल्यावर पोलाद भंगारात जाते, पण जागा सहसा पूर्णपणे पुसली जात नाही. बंद पडलेल्या मार्गाची सरळ पट्टी झाडांच्या रांगेतून वा शेतांच्या बांधांतून ओळखू येते. दोन मार्गांना जोडणारी वक्र मार्गिका अनेकदा मूळ छेदापेक्षा जास्त काळ टिकते, कारण तिच्यावरून एखाद्या कारखान्याला डबे पोहोचवायचे असतात. केबिनचा चौथरा आणि दांड्यांच्या तारा बाहेर पडण्यासाठी भिंतीच्या तळाशी ठेवलेली आडवी फट ही छेदाची खात्रीची खूण समजतात. काही ठिकाणी केबिन पाडल्यावरही तिचे नाव नियंत्रकाच्या पडद्यावर कायम राहते.

ओहायोतील मॅरियन येथे जुनी केबिन स्थानकाच्या आवारात जतन केली आहे. इलिनॉयमधील रॉशेल आणि ओहायोतील फॉस्टोरिया येथे छेद अजून वापरात असून शेजारी गाड्या पाहण्यासाठी उद्याने केली आहेत. शिकागोत ग्रँड क्रॉसिंगचा समतल छेद जाऊन शतक लोटले. शहराच्या अधिकृत विभागांपैकी एकाचे नाव आजही ‘ग्रेटर ग्रँड क्रॉसिंग’ आहे. न्यू हॅम्पशर राज्यातील व्हाइटफील्ड येथे मेन सेंट्रल आणि बॉस्टन अँड मेन या कंपन्यांचे मार्ग छेदत, तेथे हाताने दोर ओढून चालवायचा चेंडू सिग्नल उभा आहे. तो अमेरिकेत या प्रकारचा अखेरचा मानला जातो.